भोंग्यापूर्वीचे गाव

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात 'पुनवडी ते पुण्यनगरी' या नावाने शहराच्या वाटचालीचे एक प्रदर्शन मांडले गेले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात उभ्या राहिलेल्या या वाड्याच्या भिंतींवर चित्रे, नकाशे आणि मजकूर यांच्या आधारे एका वाडीचे नगर कसे झाले, हे सामान्य नागरिकाला समजेल अशा पद्धतीने सांगण्याचा तो प्रयत्न होता. प्रदर्शनाच्या नावातच एक महत्त्वाचा विचार आहे. नगर कोणा एका राजाच्या आज्ञेने किंवा एका कारखान्याच्या पायाभरणीने जन्माला येत नाही. नदीकाठी वस्तीला आलेल्या पहिल्या कुटुंबापासून त्याची कथा सुरू होते आणि पुढे येणारी प्रत्येक पिढी त्या कथेत आपले प्रकरण जोडत जाते. हे ज्या समाजाला उमजते, तो आपल्या पायाखालच्या मातीकडे आदराने पाहतो. ज्याला उमजत नाही, त्याला ती माती केवळ चौरस फुटांच्या हिशेबात दिसते.

पुण्याचा इतिहास पेशवाईपासून सुरू होतो, असे मानणारे लोक अजूनही पुष्कळ आहेत. थोडे अधिक वाचलेले लोक शिवकाळापर्यंत मागे जातात. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाऊंनी बाल शिवरायांच्या हस्ते त्याच भूमीवर सोन्याचा नांगर धरवला, ही परंपरेने जपलेली कथा मराठी घरांत मुलांना आजही सांगितली जाते. या कथेचे मोल मोठे आहे. मात्र सोन्याचा नांगर ज्या भूमीत चालला, ती पडीक माळरानाची भूमी नव्हती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' व 'पूनकविषय' अशी नावे येतात. विषय म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी या भूभागाला स्वतःचे नाव होते, त्याचा महसुली कारभार होता आणि दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा नोंदवण्याची शिस्त होती, असा त्याचा अर्थ. पाताळेश्वराचे खडकात कोरलेले लेणे त्याच राष्ट्रकूट काळातील मानले जाते.

त्याही मागे जाण्याची वाट मातीनेच दाखवली. २००४ ते २००६ या काळात कसबा पेठेच्या परिसरात नव्या इमारतींच्या पायासाठी खोदकामे चालू असताना डेक्कन कॉलेजशी संबंधित अभ्यासकांनी आणि पुण्यातील इतिहासप्रेमींनी त्या खड्ड्यांत उतरून निरीक्षणे केली. उत्खननाला हवा तेवढा वेळ नव्हता, जागा खासगी होत्या आणि काँक्रीट पडण्याआधी जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवायचे होते. त्यांच्या हाती आली ती खापरे, जनावरांची हाडे, शिंपले आणि मातीचे थर. प्रमोद जोगळेकर, सुषमा देव, शरद राजगुरू आदींनी हे काम शास्त्रीय पद्धतीने प्रसिद्ध केले आणि पुण्याच्या वस्तीचा धागा सातवाहनकाळापर्यंत जाऊन पोहोचला. सोन्याची मूर्ती सापडली नाही, शिलालेख सापडला नाही. फुटलेल्या मडक्यांच्या तुकड्यांनी आणि जेवणातून उरलेल्या हाडांनी एका महानगराचे वय शेकडो वर्षांनी वाढवले.

हा सारा तपशील सांगवीच्या संदर्भात मुद्दाम आठवण्याजोगा आहे. जुनी सांगवी ही पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या संगमालगतची वस्ती. एका बाजूला पवनेपलीकडे दापोडी, दुसऱ्या बाजूला मुळेपलीकडे औंध. भारतीय परंपरेत संगमाला असलेले स्थान सर्वांना ठाऊक आहे. वस्तीच्या दृष्टीनेही संगमाची जागा मोलाची असते. बारमाही पाणी, गाळाची जमीन, मासळी, गुरांना कुरण आणि पाणी ओसरल्यावर ओलांडता येणारा उतार या साऱ्या गोष्टी तेथे एकत्र मिळतात. तरीही सांगवीत आज राहणाऱ्या तरुणाला त्याच्या गावाचा इतिहास विचारला, तर तो बहुधा जुनी सांगवी आणि नवी सांगवी यांतील फरक सांगेल, पुलांची आणि चौकांची नावे सांगेल आणि तेथे थांबेल. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी काही दाखवलेलेच नाही.

पिंपरी-चिंचवडचा परिचय करून देण्याची एक ठरलेली रीत झाली आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यानंतरच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे आणि दुचाकींचे मोठे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. ही 'उद्योगनगरी' आहे, असे सांगून परिचय संपतो. उद्योगाचा हा इतिहास अभिमानास्पद आहे यात शंका नाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या माणसांना या पट्ट्याने काम दिले, घर दिले, मुलांना शिक्षण दिले. परंतु कारखान्याच्या भोंग्याने शहराची घटका सुरू झाली असे मानल्याने एक मोठा तोटा झाला. येथे 'जुने' असे काही नाहीच, अशी प्रशासनाची आणि नागरिकांची समजूत झाली. ज्या गोष्टीचे अस्तित्वच मान्य नाही, ती जपण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

वास्तव नेमके उलट आहे. पवना नदी सांगवीला पोहोचण्यापूर्वी ज्या मावळातून वाहत येते, तेथे बेडशाची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या चैत्यगृहासमोरील स्तंभांवर घोडे, हत्ती आणि बैलांवर बसलेली जोडपी आहेत. तेथील एक दानलेख नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या मुलाचा आहे. नाशिकचा एक व्यापारी पवनेच्या खोऱ्यात येऊन दान देतो, याचा अर्थ नाशिक आणि मावळ यांना जोडणारी वाहतूक तेव्हाही होती. आज पुणे-नाशिक महामार्गावर भोसरी आणि चाकणच्या चौकांत अडकून पडणाऱ्या वाहनचालकाला ही दळणवळणाची परंपरा किती प्राचीन आहे, हे कळले तर त्याचा त्रास कमी होणार नाही, पण आपल्या भूगोलाकडे पाहण्याची त्याची दृष्टी मात्र बदलेल. शेजारच्या इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले आणि भाजे आहेत. घाटमाथ्यावरून कोकणातील बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांचे हे सारे साक्षीदार आहेत.

याच नाशिक रस्त्याच्या परिसरात, चाकणच्या उत्तरेस, पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६० साली उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. मुठीला शिंगांसारखी दोन टोके असलेला तांब्याचा खंजीर मिळाला आणि तांब्याच्या मण्यांच्या माळेत जवसाच्या तंतूंच्या दोऱ्याचे अवशेष टिकून राहिलेले आढळले. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी या जिल्ह्यात कोणीतरी दोरा वळत होते, मणी ओवत होते आणि बहुधा एखाद्या लेकराच्या गळ्यात ती माळ घालत होते. त्यापुढे १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यातील इनामगावी झालेल्या उत्खननाने तर जगाचे लक्ष वेधले. शंभराहून अधिक घरे, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट आणि घरातील जमिनीखाली मडक्यांत जपून पुरलेली लहान मुले. मरण पावलेले मूल गावाबाहेर न टाकता घरातच, आईच्या पायाशी ठेवणाऱ्या त्या माणसांचे दुःख आजच्या माणसाला समजायला कोणत्याही भाषांतराची गरज लागत नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावची ही कथा पाहायला मिळते. सांगवीहून हे संग्रहालय तासाभराच्या अंतरावर आहे. सांगवी, पिंपळे गुरव, दापोडी येथील किती शाळांच्या सहली तेथे जातात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःशी पडताळून पाहावे.

मध्ययुगाचा आणि अर्वाचीन काळाचा ठेवाही कमी नाही. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाच्या प्रचंड सैन्याला सुमारे दोन महिने झुंजवले. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे आणि चापेकर बंधूंचा वाडा आहे. सांगवीसमोरच्या दापोडीत पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅप्टन फोर्डची पलटण होती आणि ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत ती इंग्रजांच्या बाजूने उतरली. एका साम्राज्याचा शेवट ठरवणाऱ्या त्या दिवशी सांगवीच्या ग्रामस्थांनी तोफांचे आवाज नक्कीच ऐकले असतील. पुढे त्याच दापोडीत गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२८ मध्ये, सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. तेथील झाडांची चित्रे १८४७ ते १८५० च्या सुमारास एका भारतीय चित्रकाराने काढली. ती चित्रे आज स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि त्यांच्यावर देखणा ग्रंथही तेथे प्रसिद्ध झाला आहे. चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पवनाकाठच्या फुलांचे चित्र पाहायला सांगवीकराने एडिंबरोला जावे, ही परिस्थिती पुरेशी बोलकी आहे.

दुर्लक्षाची किंमत आता अधिक वेगाने मोजावी लागत आहे. प्राचीन वस्त्या नदीकाठच्या पांढरीत असतात. गावठाणे त्याच पांढरीवर वसलेली असतात. या शहरात नेमकी गावठाणेच पुनर्विकासासाठी खोदली जात आहेत आणि वाकड ते सांगवी या पट्ट्यात मुळा नदीकाठ सुधारणेचे मोठे कामही महापालिकेने हाती घेतले आहे. पूर्वी घराचा पाया चार-पाच फूट खोल जात असे. आता दोन मजली वाहनतळासाठी यंत्राची बादली एका दिवसात खडकापर्यंत पोहोचते आणि निघालेली माती त्याच रात्री डंपरमधून शहराबाहेर जाते. त्या मातीत काय होते, हे डंपरचालकाला माहीत नसते, बांधकाम व्यावसायिकाला जाणून घ्यायचे नसते आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या अर्जात तसा रकानाच नसतो. कागद हरवला तर त्याची प्रत मिळू शकते. मातीचा थर एकदा उपसला की त्याची प्रत जगात कोठेही नसते.

हा विकासाला विरोध आहे, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. माणसांना घरे हवीत, रस्ते हवेत, मेट्रो हवी. जगातील मोठ्या शहरांनी हे सारे करूनच आपला भूतकाळ राखला आहे. योगायोग असा, की पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली त्याच १९५४ साली लंडनमध्ये एका कार्यालयीन इमारतीच्या पायाखाली रोमन काळातील मिथ्र देवतेचे मंदिर सापडले. ते पाहण्यासाठी हजारो लंडनकरांनी दिवसेंदिवस रांगा लावल्या. तेव्हा ते अवशेष हलवून दुसरीकडे घाईने मांडले गेले. पुढे त्याच जागेवर नवी इमारत बांधणाऱ्या कंपनीने ती चूक दुरुस्त केली आणि २०१७ मध्ये ते मंदिर मूळ जागेजवळ, मूळ पातळीवर, इमारतीच्या तळघरात लोकांसाठी खुले झाले. इमारतही उभी राहिली आणि इतिहासही. त्याच शहराच्या संग्रहालयाने २००२ मध्ये 'लंडन होण्यापूर्वीचे लंडन' या विषयाला स्वतंत्र दालन दिले होते. अथेन्समध्ये मेट्रोच्या खोदकामात सापडलेल्या वस्तू मेट्रोच्या स्थानकांतच मांडल्या आहेत. कामावर जाणारा माणूस रोज दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांना भेटून पुढे जातो.

दूर जाण्याचीही गरज नाही. गुजरातमधील वडनगर येथे जानेवारी २०२५ मध्ये पुरातत्त्व अनुभूती संग्रहालयाचे उद्घाटन झाले. अडीच हजार वर्षांची सलग वस्ती तेथे प्रत्यक्ष उत्खननाच्या थरांसह पाहता येते. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने त्या नगराचे सातवाहनकालीन रूप उजेडात आणले आणि तेथे सापडलेली समुद्रदेवता पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण झाली. पंचगंगेच्या काठचा व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राशी जोडलेला होता, हे त्या लहानशा मूर्तीइतके स्पष्टपणे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगू शकत नाही. आणि तेरचे उदाहरण तर प्रत्येक सांगवीकराने मनावर कोरून ठेवावे असे आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे त्या गावातील एक व्यापारी. पावसाळ्यानंतर पांढरीच्या मातीतून वर येणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, सांभाळल्या. त्यांच्या त्या संग्रहातून आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथे उभे आहे. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, निधी नव्हता. गावाविषयी ममत्व होते.

येथे एका पथ्याचा उल्लेख आवश्यक आहे. आपल्या नगराचे प्राचीनत्व सांगण्याच्या उत्साहात पुराव्याच्या पुढे धावण्याचा मोह होतो. भोसरीचे जुने नाव भोजापूर होते आणि तेथे भोज राजाची राजधानी होती, ही कथा त्या भागात प्रसिद्ध आहे. प्रदर्शनात तिला जागा असलीच पाहिजे, कारण लोक आपल्या गावाविषयी काय सांगत आले, हाही इतिहासाचाच भाग आहे. मात्र तिच्याखाली 'लोकपरंपरा' असे स्वच्छ लिहिलेले असावे आणि ताम्रपटाखाली 'ताम्रपट' असे. दोहोंची सरमिसळ झाली, की विरोधकाला एक खोटे दाखवून दहा खरी नाकारण्याची संधी मिळते. प्राचीन भारताचा गौरव इतका भक्कम आहे, की त्याला अतिशयोक्तीच्या टेकूची गरज नाही. खापराचा एक प्रामाणिक तुकडा दहा आवेशपूर्ण भाषणांवर भारी पडतो. सांगवीच्या पांढरीखाली काय आहे, हे शास्त्रीय पाहणीनंतरच सांगता येईल. पाहणी होण्यापूर्वी ती पांढरीच नाहीशी झाली, तर मात्र 'काहीच नव्हते' असे म्हणणाऱ्यांना उत्तर देता येणार नाही.

काय करता येईल, हा प्रश्न अवघड नाही. महापालिकेने गावठाणातील आणि नदीकाठच्या खोदकामाला परवानगी देताना पुरातत्त्वीय पाहणीची अट घालावी. काम महिनोन्महिने अडवण्याची आवश्यकता नाही. पायाचा खड्डा घेतला जात असताना जाणकार व्यक्तीला थर पाहण्याची, छायाचित्रे घेण्याची आणि वस्तू उचलण्याची मुभा एवढीच ती अट असावी. कसब्यातील काम याच मार्गाने झाले. भूमिगत मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहेच, पण तो कायदा सोन्या-नाण्यांच्या कल्पनेत अडकलेला आहे. खापरांना आणि हाडांना संरक्षण हवे असेल, तर स्थानिक नियमच करावा लागेल. डेक्कन कॉलेजसारखी जागतिक कीर्तीची संस्था शेजारी असताना तज्ज्ञ मिळत नाहीत, ही सबब टिकणार नाही.

दुसरे काम संग्रहालयाचे. या शहराने चिंचवडला २०१३ मध्ये विज्ञान केंद्र उभे केले आणि हजारो विद्यार्थी त्याचा लाभ घेतात. त्याच धर्तीवर शहराच्या आरंभकाळाचे एक दालन उभे राहू शकते. ते संगमाच्या परिसरात, सांगवीत असावे, हे सर्वथा उचित ठरेल. बेडशाच्या स्तंभांच्या प्रतिकृती, चांडोलीच्या माळेची कथा, राष्ट्रकूट ताम्रपटांचे वाचन, दापोडीच्या वनस्पतिचित्रांच्या प्रती, जुन्या महसुली नकाशांतील सांगवी, गावातील जुन्या घराण्यांनी सांगितलेल्या आठवणी आणि शेवटी पहिल्या कारखान्यात पहिली पाळी केलेल्या कामगाराचा हजेरीबिल्ला. या क्रमाने चालत गेलेल्या मुलाला कारखान्याचा भोंगा एका दीर्घ कथेतील अलीकडचा आवाज म्हणून ऐकू येईल.

अशा दालनाची सर्वाधिक गरज कोणाला आहे, याचाही विचार व्हावा. सांगवी परिसरात आज मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश आणि बिहारपासून केरळपर्यंतच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे नांदतात. त्यांची मुले येथेच जन्मली, येथेच वाढली. 'गाव कोणते?' असे विचारल्यावर ती वडिलांच्या गावाचे नाव सांगतात आणि सुटीत त्या गावी गेल्यावर तेथे परकी ठरतात. या मुलांना जोडून घ्यायचे असेल, तर येथील भूमीची कथा त्यांची कथा झाली पाहिजे. नाशिकचा व्यापारी पवनेच्या खोऱ्यात आला, दान देऊन तेथल्या खडकात आपल्या वडिलांचे नाव ठेवून गेला. येणारा माणूस येथला होतो, याचा तो दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे. राष्ट्रीय एकात्मतेवरची व्याख्याने ऐकून जे साधत नाही, ते अशा एका लेखासमोर उभे राहून साधते.

भूमीला माता मानणारा हा समाज आहे. सकाळी उठल्यावर तिला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार घराघरांत होता. त्याच भूमीच्या पोटातील हजारो वर्षांची स्मृती डंपरमध्ये भरून नेली जात असताना तो समाज स्वस्थ बसत असेल, तर संस्काराचे केवळ शब्द उरले असे म्हणावे लागेल. सांगवीच्या नदीकाठी पुढचा खड्डा घेतला जाईल, तेव्हा त्याच्या काठावर वही, फूटपट्टी आणि कुतूहल घेऊन एक तरी माणूस उभा असावा. संग्रहालयाची पहिली वीट तेथेच बसते.